चेंबर कॉयर आणि त्याचा संचालक: हात हलवण्याआधीचं काम

२३ ऑगस्ट १७३० रोजी योहान सेबास्टियन बाख यांनी लाइपझिगच्या नगर परिषदेला एक निवेदन दिलं. शहरातल्या मुख्य चर्चमधल्या संगीताची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि हाताशी असलेली माणसं पुरत नव्हती. प्रत्येक कॉयरमध्ये (गायकवृंदात) निदान १२ गायक हवेत, म्हणजे चार प्रकारच्या आवाजांना प्रत्येकी तीन, असं त्यांनी लिहिलं. १६ मिळाले तर आणखी चांगलं. कारणही दिलं: या दिवसांत कुणी ना कुणी आजारी पडतंच, आणि एखाद्याचा गळा बसला तरी दोन कॉयरसाठी लिहिलेली रचना पार पडली पाहिजे. निवेदनाच्या शेवटी, चर्चला गायक पुरवणाऱ्या शाळेतल्या ५४ मुलांचा हिशेब आहे. १७ जण उपयोगाचे, २० अजून तयार नाहीत, १७ अगदीच कामाचे नाहीत.

मला हा कागद फार महत्त्वाचा वाटतो. एवढ्या मोठ्या संगीतकाराने कलेविषयी लिहिलेलं यात जवळजवळ काही नाही. हजेरी, आजारपण, कुणाला गाता येतं आणि कुणाला नाही, एवढंच आहे. पण कॉयरच्या संगीत संचालकाचं काम खरोखर इथेच सुरू होतं. मैफलीत तो हात हलवताना दिसतो, म्हणून हात हलवणं हेच त्याचं काम असा आपला समज होतो. प्रत्यक्षात कुणाला घ्यायचं, कुणाच्या शेजारी कुणाला उभं करायचं, काय गायचं आणि कोणत्या पट्टीत, हे निर्णय झालेले असतात तेव्हाच कॉयर कसं वाजणार हे बहुतांशी ठरून गेलेलं असतं. आणि या सगळ्या निर्णयांचा रोख एकाच गोष्टीवर असतो: गाणाऱ्यांना एकमेकांचं नीट ऐकू यावं.

छोटा गट, पण लहान आवाज नव्हे

चेंबर कॉयर म्हणजे किती जण, याला कायद्यासारखा आकडा नाही. साधारण १६ ते ४० गायक असले की गटाला हे नाव मिळतं, आणि बहुतेक गट वीस-तीसच्या घरात असतात. आवाजांचे चार मुख्य भाग: स्त्रियांचा उंच आवाज तो सोप्रानो, खालचा तो आल्टो, पुरुषांचा उंच तो टेनर, खालचा तो बास. काही गटांत आल्टोच्या ओळी पुरुषही गातात. प्रत्येक भागाची ओळ वेगळी असते आणि चारही ओळी एकाच वेळी गायल्या जातात. सगळे मिळून एकच चाल गातात त्या समूहगानापेक्षा हे वेगळं आहे. अनेक रचनांत हे चार भागही दुभंगतात आणि आठ ओळी होतात. संगीतकार ग्यॉर्गी लिगेती यांची १९६६ सालची ‘लुक्स एटेर्ना’ ही रचना तर १६ स्वतंत्र आवाजांसाठी आहे. तिथे प्रत्येक गायकाची ओळ फक्त त्याची. पुष्कळदा साथीला वाद्य नसतं. म्हणजे चुकल्यावर सावरून घ्यायला मागे काहीच नाही.

गट छोटा म्हणजे आवाज मिणमिणता, असं मात्र नाही. गाणाऱ्यांची संख्या दुप्पट केली की आवाजाची पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते, बस्स. २४ जणांच्या जागी ९६ उभे केले तरी फरक ६ डेसिबलचा. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला अंदाजे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट माणसं. तेव्हा माणसं वाढवून जोर वाढवणं हा महागडा मार्ग आहे. संख्येने खरं बदलतं ते आवाजाचं पोत. शंभर जणांत प्रत्येकाचा सूर केसभर इकडेतिकडे असतो आणि त्या सगळ्यांची मिळून एक जाड, मऊ पट्टी तयार होते. कुणा एकाची चूक त्यात विरून जाते. एका ओळीवर तिघं-चौघंच असले की ओळ रेघेसारखी बारीक आणि स्पष्ट होते, आणि चूकही तितकीच स्पष्ट ऐकू येते. कॉयरमधली माणसं सांगतात की एका ओळीवर दोघांनी गाणं सगळ्यांत अवघड. दोन आवाज थोडे जरी वेगळे पडले तरी त्यांची झटापट ऐकू येते. तिसरा आला की ती झाकली जाते. बाख यांनी किमान तीन मागितले ते आजारपणासाठी, पण कानालाही तो आकडा पटतो.

मोठ्याकडून पुन्हा छोट्याकडे

बाख यांच्यानंतरच्या शतकात लोकांना संख्येचं आकर्षण वाटू लागलं. १७८४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत संगीतकार हँडेल यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात गाणारे आणि वाजवणारे मिळून पाचशेहून अधिक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्रिस्टल पॅलेसमधल्या हँडेल महोत्सवांत गाणाऱ्यांचीच संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. त्यात भव्यता होती, आणि सामान्य माणसाला गायला मिळालं ही फार मोठी गोष्टही होती. पण सोळाव्या शतकातल्या पॅलेस्ट्रिना किंवा बर्ड यांच्या रचना, ज्यांत चार-पाच ओळी एकमेकींत गुंफल्या जातात, त्या एवढ्या गर्दीत ऐकूच येत नाहीत.

म्हणून विसाव्या शतकात काही संचालकांनी मुद्दाम छोटे गट बांधले. नेदरलँड्स चेंबर कॉयर १९३७ मध्ये फेलिक्स दे नोबेल यांनी सुरू केलं. १९४५ मध्ये एरिक एरिक्सन या तरुण स्वीडिश संचालकाने स्टॉकहोममध्ये आपलं चेंबर कॉयर उभारलं. बर्लिनचं रियास कामरकोर १९४८ मधलं, जॉन इलियट गार्डिनर यांचं मॉन्टेव्हर्डी कॉयर १९६४ मधलं, फ्रीडर बेर्निउस यांचं श्टुटगार्टचं कॉयर १९६८ मधलं, एस्टोनियातलं टोनु काल्युस्ते यांचं १९८१ मधलं. यांतले बरेच गट आपल्या नावासोबत एका माणसाचं नाव घेऊन येतात, हे लक्षात घेण्यासारखं आहे. चेंबर कॉयर बहुधा एका कानाभोवती वाढतं.

या सगळ्यांत एरिक्सन यांचा प्रभाव मला सर्वांत खोल वाटतो. १९१८ ते २०१३ असं दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं. स्टॉकहोमच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी अनेक वर्षं शिकवलं आणि १९५१ पासून तीन दशकं स्वीडिश रेडिओच्या कॉयरचं संचालन केलं. जुनं, गुंफणीचं संगीत आणि अगदी नवं, गायला जवळजवळ अशक्य वाटणारं संगीत, दोन्ही एकाच गटाने तितक्याच स्वच्छ सुरात गावं, हा त्यांचा आग्रह होता. वाद्यवृंदालाच जमेल असं वाटणारं काम वीस-तीस गळे करू शकतात हे कळल्यावर संगीतकार तशा रचना लिहू लागले. त्यांच्याकडे शिकलेल्या लॉरन्स एकिल्बे यांनी १९९१ मध्ये फ्रान्समध्ये ‘आक्सांतुस’ हे कॉयर सुरू केलं.

कोणता गळा घ्यायचा

निवडचाचणीत संचालक नुसता ‘चांगला आवाज’ शोधत नाही. एकट्याने गाऊन सभागृह भारून टाकणारा गायक कॉयरमध्ये अडचणीचा ठरू शकतो, आणि याला शास्त्रीय कारण आहे. ऑपेराचे गायक, विशेषतः पुरुष, सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास आपल्या आवाजाची ऊर्जा एकवटायला शिकतात. वाद्यवृंदाची ऊर्जा त्या भागात कमी असते, म्हणून मायक्रोफोनशिवायही गायक वाद्यांच्या वर ऐकू येतो. कॉयरमध्ये हीच धार शेजाऱ्यांना झाकून टाकते. स्वीडनमधले ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच गायकाला दोन्ही पद्धतींनी गायला लावून मोजमाप केलं, तेव्हा कॉयरच्या पद्धतीने गाताना हा भाग खाली आलेला दिसला. म्हणजे चांगला गायक आपला आवाज बदलू शकतो. संचालकाला तो बदलण्याची तयारी आणि क्षमता हवी असते.

व्हायब्रॅटोचंही तसंच. धरलेला सूर सेकंदाला पाच-सहा वेळा किंचित वर-खाली होतो, त्यामुळे आवाज जिवंत वाटतो. पण एका ओळीवर चौघांचे चार वेगवेगळे कंप एकत्र आले की सूर नेमका कुठे आहे तेच कळत नाही. काही संचालक व्हायब्रॅटो जवळजवळ बंद करायला सांगतात. मला तो अतिरेक वाटतो: सगळा कंप दाबून धरला की गळ्यावर ताण येतो आणि आवाज काचेसारखा थंड होतो. चांगले संचालक तो रचनेप्रमाणे कमी-जास्त करायला शिकवतात.

बाकी मग नोटेशन पाहताक्षणी गाता येणं, ऐकलेला सूर स्मरणात राहणं, आणि ज्याची परीक्षा एकट्याला गायला लावून होतच नाही ते म्हणजे दुसऱ्याच्या आवाजाकडे झुकता येणं. त्यासाठी उमेदवाराला कॉयरमधल्या तिघांबरोबर चौघांत उभं करून गाऊन घेतात. पहिल्या दहा-बारा ओळींतच कळतं.

कोण कुणाशेजारी

बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटणारी ही बाब संचालकाच्या हातातलं फार मोठं साधन आहे. अमेरिकेतल्या लूथर कॉलेजचे वेस्टन नोबल याच गोष्टीसाठी ओळखले जात. ते एका भागातल्या गायकांना वेगवेगळ्या क्रमाने उभं करून एकच ओळ पुन:पुन्हा गायला लावत आणि कोणता क्रम सर्वांत एकजीव वाटतो ते ऐकत. गायक तेच, ओळ तीच, फक्त शेजार बदलला की आवाज बदलतो. एखादा धारदार आवाज दोन मऊ आवाजांच्या मध्ये उभा केला की तो कुणी काही न सांगता निवळतो.

यामागेही कारण आहे. कॉयरमध्ये उभ्या असलेल्या गायकाला दोन गोष्टी ऐकू यायला हव्यात: स्वतःचा आवाज आणि इतरांचा. स्वतःचा फार कमी आला तर सूर धरता येत नाही. फार जास्त आला तर बाकीच्यांशी जुळवता येत नाही. स्टॉकहोमच्या स्टेन टेर्नस्ट्रोम यांनी हे प्रमाण मोजलं. गायकांना आपला आवाज इतरांपेक्षा सरासरी सुमारे ६ डेसिबलने वरचढ हवासा वाटतो, पण व्यक्तिगणिक ही पसंती बरीच वेगळी असते. गायक खांद्याला खांदा लावून उभे राहिले की शेजाऱ्याचा आवाज कानावर आदळतो, स्वतःचा ऐकू येत नाही, आणि माणूस नकळत जोर लावतो. गोंगाटात आपण आपोआप मोठ्याने बोलतो तीच ही प्रवृत्ती. १९११ मध्ये एतियेन लोंबार यांनी ती नोंदवली, म्हणून तिला लोंबार परिणाम म्हणतात. शेजाऱ्याने जोर लावला की याचाही वाढतो आणि पाच मिनिटांत सगळं कॉयर ओरडायला लागतं. अशा वेळी ‘हळू गा’ म्हणून फारसा फायदा होत नाही. दोन गायकांमध्ये हातभर जागा सोडायला सांगितली की बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

दुसरा निर्णय असतो तो भागाभागाने उभं राहायचं की मिसळून. सगळ्या सोप्रानो एकत्र, मग आल्टो, अशी रचना सुरक्षित. चाचरणाऱ्याला शेजारून आधार मिळतो. मिसळून उभं राहिलं तर उजवीकडे टेनर, डावीकडे बास, आपली ओळ गाणारं जवळ कुणीच नाही. घाबरवणारं आहे, पण स्वरसंगती, म्हणजे वेगवेगळ्या ओळींच्या स्वरांचा मेळ, अशाच वेळी सर्वांत चांगली लागते, कारण प्रत्येकाला आपला सूर दुसऱ्या ओळीच्या सुराशी ताडून पाहावाच लागतो. पुष्कळ संचालक मैफलीत नाही तरी तालमीत तरी हे करून पाहतात.

सूर का उतरतो

आता सगळ्यांत गुंतागुंतीच्या आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर भागाकडे येऊ. वाद्याविना गाणारं कॉयर पाच मिनिटांची रचना संपवतं तेव्हा ते बऱ्याचदा सुरुवातीच्या पट्टीत नसतं. थोडं खाली घसरलेलं असतं. याचा दोष नेहमी गाणाऱ्यांच्या कानाला दिला जातो. तो पुरता खरा नाही.

दोन स्वर अगदी थोडे वेगळे असले, समजा एक ४४० हर्ट्झचा आणि दुसरा ४४२ चा, तर कानाला सेकंदाला दोन वेळा आवाज फुगल्या-ओसरल्यासारखा ऐकू येतो. दोन्ही जुळले की ही थरथर थांबते. वेगवेगळ्या स्वरांमध्येही असंच घडतं, कारण प्रत्येक आवाजात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरही, म्हणजे उपस्वर, दडलेले असतात. षड्ज २२० हर्ट्झवर धरला तर त्याचा शुद्ध पंचम ३३० वर येतो, म्हणजे ३:२ हे प्रमाण, आणि शुद्ध गांधार २७५ वर, म्हणजे ५:४. हे तिन्ही एकत्र गायले की आवाज स्थिर, निश्चल होतो. तिन्ही आकडे ५५ च्या पटीत असल्याने कधी कधी कुणीही न गायलेला खालचा स्वर ऐकल्याचा भास होतो. ज्याने तो ऐकला आहे तो विसरत नाही.

पियानोवर मात्र हा गांधार २७५ नसून साधारण २७७.२ असतो. कोणत्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि त्यासाठी जवळजवळ सगळे स्वर थोडे थोडे बिघडवावे लागतात. पंचम नाममात्र बिघडतो, गांधार बराच. त्या चढ्या गांधाराचा चौपट कंपनसंख्येचा उपस्वर आणि षड्जाचा पाचपट कंपनसंख्येचा उपस्वर एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा थरथर होते. पियानोचा सूर लवकर विरतो म्हणून ती आपल्याला खटकत नाही. आठ सेकंद धरलेल्या मानवी आवाजात ती खटकते. म्हणून तालमीत सगळं पियानोवर घोकून घेणारं कॉयर क्वचितच स्वच्छ सुरात गातं, आणि जाणता संचालक सूर पाठ होताच पियानोचं झाकण बंद करतो. ‘गांधार गाणाऱ्यांनो, जरा खाली’ ही सूचना तालमीत वारंवार ऐकू येते. इथे गंमत अशी की स्वर कोणता यापेक्षा तो त्या क्षणी स्वरसंगतीत कोणतं काम करतो याला महत्त्व आहे. आल्टोने धरलेला एकच स्वर आता गांधार असेल. बासने आपला स्वर बदलला की तोच पंचम होईल, आणि आल्टोला तो किंचित सरकवावा लागेल.

मग सगळ्यांनी सगळं शुद्ध गायलं तर प्रश्न मिटला पाहिजे. मिटत नाही. षड्जापासून शुद्ध पंचमाने चार वेळा वर चढा आणि दोन सप्तकं खाली या. तुम्ही गांधारावर पोचता. पण हा गांधार ५:४ चा नसतो, ८१:६४ चा असतो. शुद्ध गांधार म्हणजे ८०:६४. दोघांत ८१:८० इतकं अंतर पडतं, अर्ध्या स्वराच्या साधारण एक-पंचमांश. गणितातली ही फट कुणालाच बुजवता येत नाही. त्यामुळे काही स्वरसंगतींची साखळी अशी असते की प्रत्येक पायरीवर कॉयर अगदी शुद्ध गायलं, तरी वर्तुळ पूर्ण होताना मूळ षड्ज एवढ्याने खाली गेलेला असतो. अशी पाच वर्तुळं झाली की अर्धा स्वर गेला. सोळाव्या शतकात इटलीतल्या जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती या गणितज्ञाने हे उदाहरणांसह दाखवून दिलं.

म्हणजे कॉयर कधी कधी चांगलं गातं म्हणून उतरतं! अशा जागी नेमकी कोणती तडजोड करायची, कोणत्या ओळीने आपला स्वर न हलवता धरून ठेवायचा, हे संचालक आधी कागदावर शोधून ठेवतो आणि तालमीत त्या गायकांना सांगतो.

उतरण्याची साधी कारणंही असतातच. दम संपत आलेला असतो. खाली येणाऱ्या ओळीत प्रत्येक पायरी गरजेपेक्षा थोडी मोठी पडते. एकच स्वर पुन:पुन्हा गाताना तो किंचित खाली सरकत जातो. खोली कोंदट असते. काही पट्ट्यांत कॉयर हट्टाने उतरतं. एफ मेजरची या बाबतीत कॉयरविश्वात वाईट ख्याती आहे. त्यावरचा जुना उपाय म्हणजे रचना अर्धा स्वर चढवून किंवा उतरवून गाणं. स्वर तेच, पण गळ्यातले अवघड सांधे वेगळ्या ठिकाणी येतात आणि सूर टिकतो. हे का घडतं ते पूर्णपणे उलगडून सांगता येत नसलं तरी अनुभव पक्का आहे.

शब्द

सुरांइतकाच वेळ तालमीत स्वरोच्चारांवर जातो. दोघांनी एकच सूर गायला पण एकाचा ‘आ’ रुंद आणि दुसऱ्याचा गोल असला तर कानाला ते बेसूरच वाटतं, कारण उपस्वरांची मांडणी वेगळी असते. सगळ्यांचा ‘आ’ एक झाला की सूर आपोआप सुधारतो. म्हणून अनुभवी संचालक ‘सूर उतरलाय’ म्हणण्याआधी ‘तोंड कसं उघडताय ते पाहू’ म्हणतो.

व्यंजनांचा प्रश्न वेळेचा. शब्दाच्या शेवटी ‘त’ असेल आणि २४ जणांनी तो आपापल्या वेळी उच्चारला तर गारा पडल्यासारखा आवाज होतो. ‘स’ तर लांबवर शिटीसारखा जातो. तो काही जणांनाच उच्चारायला सांगतात आणि श्रोत्याला कळतही नाही. शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन मात्रेच्या किंचित आधी आणि स्वर बरोबर मात्रेवर, हा नियम अंगी बाणायला महिने लागतात. लॅटिन रचना असेल तर उच्चार कोणत्या देशाचे, हेही ठरवावं लागतं: ‘caeli’ हा एकच शब्द इटालियन पद्धतीने ‘चेली’, जर्मन पद्धतीने ‘त्सेली’.

आणि शेवटी हात

कॉयरचे बरेच संचालक छडी वापरत नाहीत. बोटं, तळहात, मनगट यांतून सुराचा पोत दाखवता येतो. पहिल्या मात्रेपेक्षा तिच्या आधीची उचल जास्त महत्त्वाची. त्या उचलीत संचालक स्वतः श्वास घेतो आणि गाणारे त्याच्याबरोबर घेतात. तो श्वास खोल आणि सैल असेल तर पहिला सूर तसाच येतो; खांदे वर चढवून घेतलेला असेल तर सूर आवळलेला येतो. संचालकाने जबडा घट्ट धरला की समोरच्या सोप्रानोंचाही धरला जातो. ही नक्कल नकळत होते आणि म्हणूनच ती थांबवता येत नाही. आणखी एक शिस्त: संचालकाने सोबत गायचं नाही. गाऊ लागला की त्याला स्वतःचंच ऐकू येतं.

लांब सूर असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घेऊन चालत नाही. प्रत्येक जण वेगवेगळ्या जागी, शब्दाच्या मधोमध, हळूच आवाज काढून घेतो, दम भरतो आणि तितक्याच हळूच परत येतो. शेजारी श्वास घेत असताना आपण घ्यायचा नाही. असा सूर मिनिटभर न तुटता चालतो. कुठल्याही एका माणसाच्या दमसासापलीकडचा.

गायक दूरदूर उभे असले तर डोळे हाच आधार. आवाजाला दहा मीटर जायला सेकंदाचा सुमारे ३४वा भाग लागतो. टॉमस टॅलिस यांची सोळाव्या शतकातली ‘स्पेम इन आलियम’ ही रचना ४० स्वतंत्र ओळींची आहे, पाच-पाच आवाजांची आठ कॉयर. ती सभागृहभर पसरून गायची तर कानावर विसंबून चालत नाही. कानाने ऐकून गायलं की प्रत्येक जण थोडा उशिरा येतो, मग पुढचा आणखी उशिरा, आणि लय मंदावते. इथे तरी संचालकाचा हात पाहावाच लागतो.

खोलीचाही विचार असतो. मोठ्या दगडी चर्चमध्ये सूर थांबल्यावरही पाच-सहा सेकंद घुमत राहतो. तिथे द्रुत लय ठेवली तर सगळं एकमेकांत मिसळतं. कोरड्या सभागृहात तीच रचना संथ गायली तर ती सांगाड्यासारखी उघडी पडते. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी तासभर आधी गाऊन पाहतात आणि महिनाभर घोटलेली लय तिथल्या तिथे बदलतात. चांगल्या कॉयरला ते जमतं.

पैसा आणि माणसं

हौशी चेंबर कॉयरमध्ये सहसा गाणारे वर्गणी भरतात आणि संचालकाला मानधन मिळतं. सभागृहाचं भाडं, नोटेशनच्या प्रती, कार्यकारिणीच्या बैठका, ज्या ज्येष्ठ सभासदाचा आवाज आता साथ देत नाही त्याच्याशी करायचं बोलणं, हे सगळं संचालकाकडे येतं. शेवटचं काम सर्वांत कठीण. पगारी चेंबर कॉयर जगात मोजकीच आहेत आणि तीही सुरक्षित नाहीत. १९२४ पासूनचं बीबीसी सिंगर्स हे वीस पगारी गायकांचं कॉयर मार्च २०२३ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली. सोफी जीनिन २०१८ पासून त्याच्या प्रमुख संचालक होत्या. संगीतकार आणि श्रोत्यांनी जोरदार विरोध केला, त्याच महिन्यात निर्णय स्थगित झाला आणि पुढच्या वर्षी त्या कॉयरने शंभरी पूर्ण केली. वीस माणसांचा एकजीव झालेला गट एकदा मोडला की तो पुन्हा जाहिरात देऊन उभा करता येत नाही, हे विरोध करणाऱ्यांना ठाऊक होतं.

ऐकायची इच्छा झाली तर एक सुचवतो. एकच रचना दोन वेगवेगळ्या संचालकांच्या कॉयरकडून लागोपाठ ऐका. बाख यांच्या मोटेट्स, म्हणजे कॉयरसाठीच्या धार्मिक रचना, यासाठी उत्तम, कारण त्यांची ध्वनिमुद्रणं विपुल आहेत. पहिल्यांदा ऐकताना वरच्या चालीमागे जाऊ नका, फक्त बासची ओळ धरा. दुसऱ्यांदा शब्दांचे शेवट ऐका: शेवटचं व्यंजन एकदम येतं की विखुरतं. तिसऱ्यांदा शेवटची स्वरसंगती. ती थरथरते की स्थिर राहते, आणि स्थिर असेल तर मधला गांधार कोण गातंय ते शोधा. बहुतेक वेळा ते आल्टो किंवा टेनर असतात.